धाकटीच्या हातची सुई

४ जानेवारी

जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

गाडी सुटताना आपल्या सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मला वाटलं, चला, आठ वर्षांनी का होईना, माझ्यासाठी हात हलवताहेत. कसलं काय! म्हणाल्या, "त्या निळ्या पडद्याची शिवण तिरकी आलीय, उसवून टाक." गाडी हलली तरी बोट दाखवणं चालूच.

फोन सोडून पत्र कशाला, असं दादा हसून विचारतील. त्यांना सांगा, फोनवर बोलायचं तर मुकादम शेजारीच बसलेल्या असणार. हो, मी त्यांना मुकादम म्हणते, पाठीमागे. माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून दिवसभर टाक्यांवर देखरेख करायच्या ना, म्हणून. आणि कान असे तिखट की फोनमधलं पलीकडचं बोलणंही त्यांना ऐकू जातं. दोघी सुनांना मोकळेपणी बोलायचं तर पत्राशिवाय सोय नाही.

आता कामाचं. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात इन्सुलिनचं पेन आहे आणि सुयांचा डबा. सकाळी बेचाळीस, संध्याकाळी तीस. पेनाच्या मागची चकती फिरवली की आकडा दिसतो. पोटावर टोचायचं, बटण दाबायचं आणि दहा म्हणेपर्यंत सुई काढायची नाही, नाहीतर औषध बाहेर गळतं. सुया आठ मिलिमीटरच्या आहेत. दुकानात त्याहून बारक्याही मिळतात, पण मला त्यांचा भरवसा नाही. माझा धंदाच सुईचा. पडद्याच्या कापडाला रुमालाची सुई लावली तर टाका वरच्यावर राहतो, हे मी रोज बघते, आणि आपल्या सासूबाई म्हणजे काही रुमाल नव्हेत. सुई रोज बदलायचीही गरज नाही. बोथट वाटली की बदला.

एक सांगून ठेवते. त्या म्हणतील, "धाकटीच्या हातची सुई कळतसुद्धा नाही." मनावर घेऊ नका. आठ वर्षांत त्यांनी माझं केलेलं तेवढं एकच कौतुक आहे. तेही घरातल्या घरात.

त्यांची खुर्ची दुकानात तशीच ठेवलीय. गिऱ्हाईक बसायला लागलं की मी म्हणते, मोडकी आहे हो, बसू नका. तीन महिने म्हणजे तीनच महिने हं. एप्रिलमध्ये परत पाठवा.

तुमची,
धाकटी


११ जानेवारी

प्रिय धाकटे,

खूप आशीर्वाद. त्यातले थोडे परत पाठव, मला गरज आहे.

कॉलेजच्या लायब्ररीत माझी सगळी नोकरी झाली, आणि आता निवृत्तही झाले. पुस्तकाला सुई टोचावी लागत नाही. त्यामुळे पहिल्या सकाळी मी काय केलं, तर हात धुतले, तुझं पत्र समोर ठेवलं आणि एकेक वाक्य वाचत बसले. तुझ्या मुकादम म्हणाल्या, "टोचणार आहेस की पाठ करणार आहेस?" मग मी टोचलं. त्या अशा ओरडल्या की शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. मी घाबरून दोन म्हणायच्या आत सुई बाहेर काढली. औषध सगळं गाऊनवर. हे तर आधीच बाल्कनीत जाऊन उभे. म्हणे, मला रक्त बघवत नाही. अहो, रक्त आहे कुठे!

तेव्हापासून रोज हाच तमाशा. निम्मं औषध आत, निम्मं बाहेर. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, "धाकटीच्या हातची कळत नाही गं."

मनावर घेऊ नका म्हणतेस. घेतलंय मनावर. आठ वर्षं माझी नोकरी आडवी आली, आता ती अडचण नाही. यांना आई जवळ हवी आहे आणि, हसू नकोस, मलाही हवी आहे. सांभाळायची पाळी आली म्हणून नव्हे. एकदा तरी त्यांनी आपण होऊन म्हणावं, मी थोरलीकडेच राहते. पण त्यांनी बॅगेतले कपडेसुद्धा कपाटात लावू दिले नाहीत. म्हणाल्या, "राहू दे, जायचंच आहे."

काल टोचून झाल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. या वयात! तेव्हा तुझं जे काही गुपित असेल ते लिहून पाठव. थोरलीच्या हातचीही कळली नाही, एवढं एकदा माझ्या कानावर पडू दे. मग तू म्हणशील तेव्हा परत पाठवते.

थोरली


१६ जानेवारी

जाऊबाई,

पत्र वाचून आधी हसले आणि मग तुम्ही नळ सोडलात तिथे माझंही हसू गेलं. आमच्या घरात पहिल्या महिन्यात मी पण रडलेय. मशीन चालू करून रडायचं. नळापेक्षा आवाज मोठा येतो.

गुपित आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हात आडवा करून त्यांच्या बेंबीच्या डाव्या बाजूला फिरवा. एका जागी बटाट्याएवढा मऊ उंचवटा लागेल. तिथेच टोचायचं. रोज तिथेच. जुनी शिवण उसवून परत शिवताना सुई आपोआप जुन्याच भोकांतून जाते, जोर लावावा लागत नाही. तसंच आहे ते. मी सुरुवातीला इथे तिथे टोचायचे आणि त्या माझा हात झटकायच्या. मग ती जागा सापडली आणि घरात शांतता झाली. ती जागा सोडून सुई जराशी इकडे तिकडे गेली तर मात्र अजूनही फटका बसतो हं, सांभाळा.

हे तुम्हाला दिलं म्हणजे माझ्याकडे काही उरलं नाही. पण तुम्ही रडू नका. त्यांनी तुम्हालाही म्हणू दे.

औषधाचा आकडा तोच ठेवा. डॉक्टर दर काही महिन्यांनी वाढवतात. त्यांची साखर काही केल्या खाली येत नाही, चिवट बाई आहे.

माझ्याबद्दल काही विचारतात का? नसतील विचारत, तर तसं लिहू नका.

धाकटी


२७ जानेवारी

प्रिय धाकटे,

रागावणार नसशील तर पुढे वाच.

तुझ्या जागेचा गुण लगेच आला. चार दिवस घरात चकार शब्द नाही. पण "कळली नाही" असं माझ्याबद्दल म्हणाल्या का? छे! म्हणाल्या, "ही धाकटीची जागा आहे, तिनंच करून ठेवलीय." म्हणजे माझ्या हातची कळली नाही, तरी मान तुझा.

साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना इथल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या नर्सने पोट बघितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही चोरलंय. म्हणाली, ती मऊ जागा म्हणजे गाठ आहे, एकाच ठिकाणी टोचून टोचून झालेली. तिथे टोचलेलं कळत नाही, आणि औषधही तिथेच अडकून पडतं, अंगात नीट पोचत नाही. आणि सुई म्हणे सगळ्यांना चारचीच पुरते, जाड असो की बारीक. कातडी सगळ्यांची सारखीच पातळ. आता आईंच्या अंगावर मांस राहिलंय कुठे? आठची सुई सरळ स्नायूत जायची. आणि दर वेळी नवी सुई, नवी जागा. पोटाच्या उजव्या बाजूला, मांडीवर, अशी फिरती ठेवायची.

तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आकडे बघ! आकडा तू दिलास तोच, बेचाळीस आणि तीस, फक्त सुई चारची आणि जागा ताजी. तुझ्याकडे अडीचशेच्या खाली न आलेली सकाळची साखर काल एकशे दहा होती. हे बाल्कनीतून आत आले आणि माझ्याशी हात मिळवला.

टोचते म्हणून तक्रार आहेच. ताज्या जागी कळणारच. तरी पूर्वीसारखं ओरडत नाहीत, नुसत्या "हं" म्हणतात. मी रोज हात थोडा हलका करते आहे. जमेल.

थोरली


१ फेब्रुवारी

जाऊबाई,

रागावले. दोन दिवस पत्राला हातच लावला नाही. ह्यांना म्हटलं, बघा, आठ वर्षं मी केलं ते गेलं खड्ड्यात आणि चार दिवसांत थोरलीबाई डॉक्टरीण झाल्या. हे म्हणाले, साखर उतरली ना, मग झालं तर. पुरुषांना काय कळतंय.

मग तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले आणि आठवलं, डॉक्टर आकडा वाढवायचे तेव्हा त्या कशा गप्प व्हायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "अजून किती भरणार आहेस गं माझ्यात?" मी हसले होते. ते औषध मी गाठीत भरत होते, हो ना? पडदा शिवतेय असं समजून नुसतं अस्तरच शिवत बसले.

जाऊ दे. एकशे दहा! तुमच्या तोंडात साखर पडो, त्यांच्या नको.

सोबत एक पिशवी पाठवते, आत दोन कप्पे आहेत, एक नव्या सुयांना, एक वापरलेल्यांना. कापड त्या निळ्या पडद्याचंच आहे. त्यांना सांगा, उसवला आणि सरळ शिवला.

धाकटी


६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पिशवी मिळाली. आईंनी उलटी करून आतली शिवण तपासली. काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास झालीस.

पण एक काळजी लिहिते. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना काहीतरी होतं. चिडतात, कपाळावर घाम, हात थरथरतात. मला तुझ्या नावाने हाक मारतात, "धाकटे, मशीन बंद कर, डोकं उठलंय." इथे कुठलं मशीन? आणि गोड मागतात. लहान मुलासारखं. मी नाही म्हटलं तर परवा स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली साखर मुठीने खाल्ली. ओठांना साखर लागलेली आणि मला म्हणतात, "मी कुठे काय खाल्लं?" थोड्या वेळाने अगदी शांत, जसं काही झालंच नाही.

हे म्हणतात वय झालं. मला वेगळंच वाटतं. त्यांना तुझी आठवण येते. तुझं घर, ते मशीन, ती खुर्ची. आपल्याला सांगत नाहीत, मग असं बाहेर पडतं. तू विचारलं होतंस ना, माझ्याबद्दल विचारतात का? असं विचारतात.

सकाळचा आकडा मात्र दिवसेंदिवस सुंदर. काल ऐंशी. जितका खाली तितकी माझी पाठ मी स्वतःच थोपटून घेते, दुसरं कोण थोपटणार? एवढ्या आकड्यावर आता साखर चोरून खाऊन पाणी पडायला नको. काय करू, सांग.

थोरली


१० फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं पत्र मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि समोर गिऱ्हाईक असताना रडले. मला हाका मारतात! मला! आणि इथे असताना कधी नावाने नाही, नुसतं "अगं ए."

तुम्ही बरोबर ओळखलंत, दुसरं काही नाही. घर आठवतंय. रुसवा आहे हा. इथेही माहेरवाशिणी आल्या-गेल्या की असंच करायच्या, चिडणं काय, रडणं काय, सगळं व्हायचं. आणि गोडाचं तर नाटकच आहे, मी चांगली ओळखते. अजिबात देऊ नका. एवढं उतरवलेलं सगळं चढेल. साखरेचा डबा सरळ वरच्या फळीवर ठेवा, मी इथे तेच करायचे.

मी येतेय. वीस तारखेचं तिकीट काढलंय. त्यांना आधी सांगू नका. दारात उभी राहते आणि बघते, तोंडून काय निघतं ते.

धाकटी


१२ मार्च

जाऊबाई,

फोन उचलते आणि परत ठेवते. वीस तारखेचं तिकीट तसंच राहिलं. चौदालाच यावं लागलं, आणि त्या गर्दीत तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, मी तुमच्याकडे बघितलं नाही. दोघी एका भिंतीला टेकून बसलो आणि परक्यासारख्या निघालो.

मला सांगितलं एवढंच, साखर उतरली आणि गेल्या. उतरली! ज्या शब्दासाठी आपण एकमेकींना पत्रं लिहीत होतो, तोच शब्द.

मी औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं, मला नीट समजावून सांगा, मी अडाणी बाई. त्याने सांगितलं. गाठीत अडकायचं म्हणून डॉक्टर आकडा वाढवत गेले. ताज्या जागी टोचलं की तेच औषध सगळंच्या सगळं लागू पडतं. जागा बदलायची तर डॉक्टरांना विचारून आकडा आधी कमी करायचा असतो. आणि घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, ही साखर खाली गेल्याची खूण. तेव्हा लगेच गोड द्यायचं असतं. आठ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हे मला सांगितलं होतं, जाऊबाई. पण आमच्याकडे साखर कधी खाली आलीच नाही, आणि मी पार विसरून गेले.

मला तुमचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? तुम्ही सुई बदललीत, जागा बदललीत, माझ्या नाकावर टिच्चून. आठ दिवस मी हाच राग धरून जगले. मग तुमचं सहा तारखेचं पत्र परत वाचलं. ती चोरून खाल्लेली साखर त्यांना वाचवत होती. त्यांचं त्यांनाच कळलं होतं. आणि डबा वर ठेवा असं कुणी लिहिलं? मी लिहिलं. ठेवला असेल ना तुम्ही? मी सांगितलं म्हणून.

मला त्या सकाळचं सांगा. मला कुणी काही सांगत नाही. हे म्हणतात, कशाला ऐकतेस, झालं ते झालं. मला ऐकायचंय. मला हाक मारली का? त्यांना त्रास झाला का? कितीही वाईट असलं तरी लिहा.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आल्यावर दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. आज लिहिते. थांबले तर परत जमणार नाही.

आधी माझं ऐक. त्या नर्सने मला नुसती सुई नव्हती सांगितली. "डॉक्टर सोमवारी येतील, त्यांना दाखवा, डोस ठरवून मगच जागा बदला," असं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण मला वाटलं, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं, चांगलं काम उद्यावर कशाला? सोमवारी साखर उतरलेली दिसली, मग डॉक्टरांकडे जायचं कारणच राहिलं नाही. आपण जिंकतोय आणि विचारायला कुणाकडे जायचं? हे मी तुला लिहिलं नव्हतं. लोकांची परत न केलेली पुस्तकं आयुष्यभर शोधून काढली आणि आपल्या घरातलं एक वाक्य माझ्या हातून हरवलं.

तुझं पत्र तेराला आलं. हो, डबा मी वर ठेवला. तू सांगितलंस म्हणून नाही. तू सांगितलं नसतंस तरी मी ठेवणारच होते. तेवढं तू तुझ्या डोक्यावरून उतरव.

आता ती सकाळ. उन्हं खिडकीत आली होती, आई खुर्चीवर बसल्या होत्या. उजव्या मांडीची पाळी होती. मी नवी सुई लावली, बेचाळीस फिरवले, टोचलं आणि मोजायला लागले. दहा झाले. आई खाली बघत होत्या. म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, झालं की. तर म्हणाल्या, "आज कळलीच नाही गं."

धाकटे, तुला कसं सांगू! नोकरीला लागले तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. नाश्ता मांडला तर म्हणाल्या, "आत्ता नको, मग खाते." इतर दिवशी मी समोर बसून भरवलं असतं. पण त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं? मी टेबलाशी जाऊन तुला पत्र लिहायला बसले. खोलीचं दार लोटून घेतलं, कुणी मध्ये बोलू नये म्हणून. तारीख घातली, तुझं नाव घातलं, पहिली ओळ लिहिली आणि पुढे कसं खुलवून सांगायचं याचा विचार करत पेन हातात धरून बसून राहिले. किती वेळ गेला कळलं नाही.

स्वयंपाकघरात आवाज झाला. गेले तर आई फळीखाली पडलेल्या. स्टूल ओढून आणलं होतं. वर चढल्या होत्या की चढताना पडल्या, माहीत नाही. डबा वरच होता. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हत्या. मी साखर तोंडात घातली, ती ओठांतून बाहेर आली. गाडी आली तोवर श्वास होता. दवाखान्याच्या दारात नव्हता.

तुला हाक मारली का विचारतेस. मला ऐकू आलं नाही. दार लोटलेलं होतं. मारली असेल तर तुलाच मारली असेल, कारण दुसऱ्या कुणाला त्या मारत नव्हत्या.

"कळलीच नाही" हे त्यांनी म्हटलं, ते मी यांनाही सांगितलेलं नाही. ज्या वाक्यासाठी मी हे सगळं केलं, ते मिळालं आणि ते कुठे ठेवू ते कळत नाही. ज्या सुईनं त्यांना नेलं, तीच त्यांना कळली नाही. आणि मी खूश झाले. त्यांची बॅग अजून उघडली नाही. ते अर्धं पत्र टेबलाच्या खणात आहे. त्यात एकच ओळ आहे, "धाकटे, आज मी जिंकले." फाडायला घेते आणि हात चालत नाही.

तू माझं तोंड बघू नकोस. पण निळी पिशवी माझ्याकडे राहू दे.

थोरली


३१ मार्च

जाऊबाई,

तुमचं पत्र मी त्यांच्या खुर्चीत बसून वाचलं. पहिल्यांदाच बसले. मशीन बंद, दुकानाचं दार बंद. 

तुम्ही माझ्या डोक्यावरचं उतरवायला बघताय. उतरत नाही. तुमचंही उतरणार नाही. डबा दोघींनी मिळून वर ठेवला, एकीनं सांगून आणि एकीनं हातानं. आपण दोघींनी त्यांना डोळ्यांत तेल घालून जपलं, आणि दोघींना त्या घामाचा अर्थ कळला नाही. हे आता असंच राहणार. रोज सकाळी अकरा वाजता माझी नजर घड्याळाकडे जाते, तुमचीही जात असेल. त्यावर मी तुम्हाला काही औषध सांगू शकत नाही.

पण एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे आणि ती तुम्हाला सांगायला हवी.

आठ वर्षं त्या म्हणत आल्या, धाकटीच्या हातची सुई कळत नाही. मी ते जपून ठेवलं होतं, एकुलतं एक कौतुक म्हणून. आता समजलं, ते माझ्या हाताचं नव्हतंच. ती जागाच मेलेली होती. तिथे कुणीही टोचलं असतं, दादांनी बाल्कनीतून टोचलं असतं, तरी कळलं नसतं. माझा हात जड आहे, जाऊबाई. जरा इकडे तिकडे गेला की फटका बसायचा, ते खरं होतं.

तुम्ही जिवंत कातडीवर टोचलंत, ताज्या जागेवर, जिथे मुंगी चावली तरी कळतं. आणि तिथे त्यांना कळलं नाही. मुकादमांनी आयुष्यात कुणाची तिरकी शिवण सरळ म्हटली नाही, मरणाच्या दिवशीसुद्धा म्हटली नसती. कळली असती तर म्हणाल्या असत्या, कळली. हात हलका होता म्हणूनच म्हणाल्या. आठ वर्षं मी ज्याला कौतुक म्हणत होते, ते तुमचं होतं. माझ्याकडे नुसतं चुकून आलं होतं, ते परत पाठवते.

त्या गेल्या त्या बेचाळीसच्या आकड्यानं. तुमच्या हातानं त्यांना दुखवलं नाही. हे दोन वेगळे टाके आहेत, एकात एक शिवू नका. मलाही रोज उसवावे लागतात.

त्यांची बॅग उघडू नका, मी येऊन उघडते. ते वीस तारखेचं तिकीट वाया गेलं, आता पाच तारखेचं काढलंय. तुमचं तोंड बघायलाच येतेय.

आणि ते अर्धं पत्र फाडू नका. खाली सही करा आणि टाका पोस्टात. ते मला आलेलं पत्र आहे, मला हवंय.

धाकटी